अक्काच्या खोलीतली जाळी

या, असे पुढे सरकून बसा, मागच्यांनाही जागा द्या. गोष्ट लहानशी आहे, एका बहिणीची नि भावाची. देवाचं नाव घेऊन सांगतो, तेवढी मन लावून ऐका.

धाकट्याने अक्काच्या दारावर टकटक केली तेव्हा वाक्य त्याच्या ओठांवर तयार होतं. 'अक्का, थंडी सरली की तुझी दुसरीकडे कुठेतरी सोय बघू म्हणतोय.' खाली स्वयंपाकघरात बायकोसमोर त्याने ते म्हणूनही बघितलं होतं. तिथे छान जमलं होतं.

"ये रे," अक्का म्हणाली. ती खाटेवर बसून मोजे गुंडाळत होती. "बरं झालं आलास. तुझ्या घराला घाम फुटलाय, बघ."

खाटेमागची भिंत खरंच ओली होती. कोपऱ्यात काळी बुरशी धरली होती. ते पाहून धाकट्याला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं ते हायसं. बोलायला दुसरं काहीतरी मिळालं.

घर त्याने स्वतःच्या हाताने बांधलं होतं. शेगडी नाही, हीटर नाही. हातभर जाडीच्या भिंती ग्लासवूलने, म्हणजे काचेच्या कापसाने, ठासून भरलेल्या; खिडक्या अशा घट्ट की बाहेर बर्फ पडला तरी आत अंगावर शाल नको. ते ग्लासवूल बहुतेक अक्कानेच भरलं होतं. कोपरापर्यंत पुरळ उठायचं, ती पाण्याखाली हात धरायची आणि पुन्हा कामाला लागायची. अशा बंद घरात हवा खेळवायला माळ्यावर एक यंत्र होतं. ते कोंदट हवा नळ्यांतून ओढून घ्यायचं, तिची ऊब काढून ताज्या हवेला द्यायचं आणि मगच तिला बाहेर घालवायचं. हवा ओढणाऱ्या जाळ्या स्वयंपाकघरात, न्हाणीघरात आणि या खोलीत होत्या. नकाशात ही खोली कपडे वाळत घालायची होती. पुढे तिथे अक्काची खाट आली.

धाकट्याने स्टूल घेतलं, वर चढला, छताजवळची जाळी काढली आणि आत हात घातला. हाताला बोळा लागला. उशीच्या अभ्र्यात उरलेलं ग्लासवूल भरून, नळीच्या मापाने गोल शिवलेला. कुठे तसूभर फट नाही.

"हे काय गं?"

"डोक्याला वारा लागतो रे."

धाकटा हसला. "अक्का, ही जाळी वारा सोडत नाही, ओढून घेते. इथून वारा लागणार कुठून? मी जिवाचं रान करून सगळ्या घराची हवा खेळती ठेवायची आणि तू बोळे कोंबायचेस. म्हणून भिंत सडतेय. म्हणून तुझ्या छातीत घरघर होते. वर मलाच म्हणतेस, घराला घाम फुटला." रागावणं सोपं जात होतं, म्हणून तो आणखी थोडं रागावला.

अक्काने पुढचा मोजा गुंडाळायला घेतला.

तेवढ्यात जाळीतून ताटलीवर चमचा वाजला. नळ सुटला, बंद झाला. आणि बायकोचा आवाज आला, शेंगांशी बोलणारा, स्वतःशीच: "कुणी निवडून आणल्या या? सगळ्या जून." ती जशी त्याच्या कानाशीच उभी होती.

धाकटा स्टुलावर तसाच थांबला. या खोलीची आणि स्वयंपाकघराची नळी छतात एकत्र येत होती. मध्ये आवाज अडवणारी पेटी बसवायची होती. छत बंद करायची घाई झाली, तेव्हा त्याने नळ्या सरळ जोडून टाकल्या होत्या. हवेला काय फरक पडतो, असं वर म्हणालाही होता.

देवाने डोळ्यांना पापण्या दिल्या, कानांना काही दिलं नाही. हिवाळाभर त्या स्वयंपाकघरात काय काय बोलून झालं होतं! तिच्या खोकल्याबद्दल. सगळ्या घरभर सुटणाऱ्या तिच्या मलमाच्या वासाबद्दल. 'ती असेपर्यंत हे घर आपलं वाटायचं नाही,' असंही कुणीतरी म्हणालं होतं. बायको नव्हती म्हणाली.

"सगळं ऐकू येतं?" त्याने विचारलं.

"सगळं कुठलं? संध्याकाळी तुम्ही दोघं बोलत बसलात की मी तो बोळा लावते. मग काढायचं राहून जातं." तिने त्याच्या हातातून बोळा घेतला, त्यावरची धूळ पदराने पुसली. "ऐकत राहिले असते, बाळ, तर तुझ्या घरात राहणं जमलं नसतं."

धाकट्याने जाळीची चौकट उगाच या हातातून त्या हातात घेतली.

"अहो," जाळी म्हणाली, हळू, दबक्या आवाजात; बोळा निघाल्यावर त्याचा आवाजही खाली बायकोला पोचला असावा. "बोललात का त्यांच्याशी? का मीच येऊ वर?"

धाकट्याचे कान तापले. त्याने तळहात जाळीच्या भोकावर दाबून धरला, जणू आता त्याने काही थांबणार होतं. अक्का उठली. तिने त्याचं मनगट धरून हात हळूच बाजूला केला आणि तोंड वर करून नळीत म्हणाली, "बोलला गं तो. नीट बोलला. तू नको जिना चढूस, गुडघा दुखतोय ना तुझा."

खाली चमचा थांबला. फक्त माळ्यावरचं यंत्र संथपणे हवा ओढत राहिलं.

तर मंडळी, रात्री देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या अक्काची आठवण ठेवा. आणि जमलं तर धाकट्याचीही ठेवा. त्याला अजून स्टुलावरून खाली उतरता आलेलं नाही.