खातेदाराला विचारा

“नाही निघणार,” खिडकीपलीकडची कारकूनबाई म्हणाली आणि तिने पासबुक परत सरकवलं.

थोरला भाऊ चेनची पिशवी घेऊन आला होता. ती त्याने आधीच उघडून धरली होती.

“अहो मॅडम, पैसे घरचेच आहेत. ही माझी भावजय, हिनेच भरलेत. हा माझा धाकटा भाऊ. ही त्यांची पोरगी, तिच्याच नावावर खातं. आईलाही आणलंय. आता आणखी कुणाला आणू?”

“कुणालाही आणा. लहान मुलांचं सरकारी खातं आहे हे. तुम्ही भरता त्यात सरकारही भर घालतं. मुलगी अठरा वर्षांची झाली की स्वतः येईल, सही करील, घेऊन जाईल.”

“अठरा? अहो, मी टेम्पोचा सौदा ठरवून आलोय!”

“तोवर नवीन मॉडेल येईल की,” रांगेतून कुणीतरी म्हणालं. रांग हसली.

सासूबाईंना ते हसणं आवडलं नाही. “आडात आहे आणि पोहऱ्यात येत नाही, हा कुठला कायदा?”

बाकावर भावजय बसली होती. दिवसभर शाळेचे गणवेश शिवून तिच्या बोटांना सुईचे बारीक खड्डे पडले होते. तिच्या बांगड्या थोरल्याच्या रिक्षात गेल्या होत्या, आणि ती रिक्षा कुठे गेली हे कुणी विचारलं नव्हतं. त्या घरात थोरल्याला नाही म्हणायची पद्धतच नव्हती. मांडीवरची चार वर्षांची मुलगी बिस्किटाचा पुडा दातांनी फोडत होती.

नवरा खाली वाकला. “तुला माहीत होतं हे?”

“खातं उघडताना बाईंनी दोनदा सांगितलं होतं.”

“मग काल का नाही बोललीस?”

“भावजींनी मला एवढंच विचारलं, पासबुक कुठंय. ते दिलं.”

खिडकीशी थोरला अजून झुंजत होता. सगळे नाहीत तर निम्मे तरी. निम्मे नाहीत तर उसने म्हणून. महिन्याभरात आणून भरतो, आईशप्पथ.

कारकूनबाईने चष्मा काढून टेबलावर ठेवला. “भाऊ, माझ्या हातात नाही, तुमच्या हातात नाही, तिच्या आईच्याही हातात नाही. खातेदार ती बसलीय. तिला विचारा.”

थोरला हसला. लोकांकडे एकदा बघून तो मुलीपुढे उकिडवा बसला. आवाजात साखर आली.

“काय गं चिमणे? देशील ना काकाला तुझे पैसे? टेम्पोत पुढच्या सीटवर बसवीन तुला.”

मुलीने काकाकडे पाहिलं. मग हातातल्या पुड्याकडे. पुडा तिने छातीशी घट्ट धरला.

“नाही.”

तिन्ही खिडक्यांना ऐकू गेलं.

कारकूनबाईने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. “खातेदार नाही म्हणतेय. चला, पुढे कोण?”

सगळे बाहेर पायऱ्यांवर आले. थोरल्याने पिशवीची चेन ओढली. ती मध्येच अडकली, तशीच त्याने पिशवी काखेत मारली. मग धाकट्याच्या खांद्यावर हात टाकून तो म्हणाला, “जाऊ दे. असं करू. हिचं शिलाई मशीन काढून टाकू. गिऱ्हाईक आहे माझ्याकडे. टेम्पो चालू झाला की नवंकोरं घेऊन देऊ.”

धाकटा आपल्या चपलांकडे बघत राहिला. सासूबाईंनी पदर सारखा केला.

“नाही.”

थोरल्याने चमकून मुलीकडे पाहिलं.

तिचं तोंड बिस्किटाने गच्च भरलेलं होतं.