झाकणावरचा तक्ता

हॉर्न वाजेना म्हणून वासंतीबाईंनी गाडी गॅरेजात आणली. मागच्या सीटवर त्यांचे यजमान पेपरातलं शब्दकोडं मोठ्याने वाचत बसले होते.

"फ्यूज उडाला असेल. दोन मिनिटांचं काम आहे," सोनटक्के मिस्त्री म्हणाले. फ्यूजला हात लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. त्यांनी ती काढली. मग डॅशबोर्डखाली वाकून फ्यूजबॉक्सचं झाकण उघडलं आणि त्यावरचा तक्ता ते बोट फिरवत वाचू लागले. हॉर्न, वायपर, हेडलाइट. सगळ्यात खाली लाल अक्षरांत छापलं होतं : कृत्रिम हृदय, मागची सीट.

"मिस्त्री," बाहेरून वासंतीबाईंनी विचारलं, "आमचे हे वाचता वाचता गप्प का झाले हो?"