उजवा कौल

भागोजी गुरवांनी तगरीचा एक कळा पाण्यात बुडवून देवाच्या उजव्या खांद्यावर चिकटवला, दुसरा डाव्या. मग हात जोडून गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, पाऊस खळत नाय. पोरं सांगतायत वाडी सोडा. सोडायची तर उजवा दे, राहायचं तर डावा दे."

"व्हय म्हाराजा," मागून सगळी वाडी म्हणाली.

सगळी म्हणजे त्रेचाळीस माणसं. दुपारचे दोन वाजले होते, वीज सकाळीच गेली होती. अक्षया गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी टॉर्च धरून उभी होती. एकवीस वर्षांची ही मुलगी वाडीच्या आपत्ती पथकाची प्रमुख. पथक म्हणजे ती, सानिका आणि आणखी चार पोरं. रत्नागिरीतल्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणात त्यांना दोरखंडाच्या गाठी शिकवल्या होत्या, स्ट्रेचर शिकवलं होतं. देव नाही म्हणाला तर काय करायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं.

कौलाचा हट्ट कमळाकाकीचा होता, आणि त्यात तिची चूक तरी काय म्हणायची? गेल्या वर्षी दरड येईल म्हणून अक्षयानेच सगळ्यांना शाळेत नेऊन बसवलं होतं. डोंगर जागचा हलला नाही. मागे राहिलेली धाकूची गाभण म्हैस तेवढी दावं तोडून पऱ्याच्या लोंढ्यात वाहून गेली. तेव्हापासून आभाळ भरून आलं की कुणीतरी विचारायचंच, "काय गो, बांधायची काय बोचकी?" अक्षयाही हसायची.

कळे हलेनात. अशा दमट हवेत पानाला पान चिकटून बसतं, कळा कसला सुटतोय.

खिशातला फोन वाजला. सानिका वर सड्यावर, डोंगराच्या माथ्यावर होती. तिथे कातळालगत पडलेल्या भेगेच्या दोन्ही बाजूंना त्या दोघींनी खुंट्या मारून दोरी बांधली होती. भेग रुंदावली की दोरी ताणली जायची.

"अक्षये, दोरी तुटली."

"सकाळी तर सैल होती."

"आता तुटली. माझ्या डोळ्यांदेखत."

"तू खाली उतर. इकडून नको, शाळेच्या बाजूने."

अक्षयाने फोन ठेवला. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "काकी, वरची दोरी तुटलीय. आता थांबायला नको."

"कौल लावलाय," कमळाकाकी म्हणाली. "मधनं उठायचं नसतं, बाय. तुझी दोरी देवापेक्षा मोठी काय?"

कुणीच उठलं नाही. अक्षयाची आईसुद्धा नाही. मग अक्षया त्या दोन पांढऱ्या कळ्यांकडे बघत राहिली. उजवा पड, उजवा पड, असं ती मनातल्या मनात घोकत होती. वर्षभर पावसाची नोंद ठेवणारी, मोजपट्टीशिवाय न बोलणारी पोर ती.

डावा कळा पडला.

आवाज कसला होणार, पण अक्षयाला तो ऐकू आल्यासारखा वाटला. भागोजींनी तिच्याकडे पाहिलं. मागच्यांना त्यांची फक्त पाठ दिसत होती. तसेच ते नमस्काराला वाकले, देव पाठीआड गेला, आणि उठले तेव्हा दोन्ही खांदे मोकळे होते. दोन्ही कळे त्यांच्या मुठीत होते.

"उजवा दिलान," ते म्हणाले.

अक्षयाने टॉर्च विझवला. तिने काहीही बघितलं नव्हतं, असं तिने तिथल्या तिथे ठरवलं.

मग अर्ध्या तासात वाडी रिकामी झाली. या खेपेला आधी गुरं सोडली. धाकूच सगळ्यांच्या पुढे होता, नवी म्हैस घेऊन. अक्षयाने शाळेच्या दारात माणसं मोजली, पुन्हा मोजली. सानिका धरून चव्वेचाळीस.

साडेपाचला पाऊस खळला. पश्चिमेला चक्क पिवळं ऊन आलं. खिडकीतून समोर डोंगर दिसत होता, धुतलेला, हिरवागार, जागच्या जागी. कमळाकाकीचा मुलगा मुंबईहून फोनवर हसत होता, ते सगळ्यांना ऐकू येत होतं.

"झालं," काकीने पिशवी उचलली. "चूल पेटवायला गेलेलं बरं." तिच्यामागे आणखी पाच-सहाजणी उठल्या.

दोरी तुटलेली, माती पाणी पिऊन जड झालेली. दरड ऊन पडल्यावरही येते, हे अक्षयाला सांगायचं होतं. ऊन पडलेलं असताना तिचं कोण ऐकणार होतं?

"बस खाली, कमळे." भागोजी कोपऱ्यातून बोलले. दुपारपासून त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नव्हता. "कौल परवा सकाळपर्यंतचा हाय."

"ते मघाशी नाय सांगितलंत?"

"आता सांगतो."

काकी बसली. बाकीच्याही बसल्या. कुणीतरी चहाचं पातेलं चढवलं.

अक्षयाने पहिला कप भागोजींना नेऊन दिला. त्यांनी तो डाव्या हाताने घेतला. उजवी मूठ अजून मिटलेलीच होती. चाळीस वर्षं ज्या देवाचा शब्द त्यांनी जसाच्या तसा लोकांना सांगितला, त्याच्या देवळाचं शिखर खिडकीतून दिसत होतं, बरोबर डोंगराच्या पायथ्याशी.

"अक्षये," ते तिलाच ऐकू जाईल असं म्हणाले, "डोंगर येल ना गो?"

ती त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली.

"गेल्या वर्षी मी पण इथेच बसून हेच मागत होते, आबा."