करपलेली कड

‘ते बघ, विमान!’ म्हणत ताई माझ्या ताटातली आम्लेटची करपलेली कड पळवायची आणि मी दरवेळी विमान शोधायचो. मग तिला गुरुजी भेटले. त्यांच्या आश्रमात म्हणे माणसं फक्त उन्हावर जगायची. ‘ढगाळ असलं की काय करता?’ मी फोनवर विचारलं. ‘उपास,’ ती गंभीरपणे म्हणाली. शेवटच्या फोनवर तिचा आवाज बारीक होता. ‘काय खातोयस?’ ‘आम्लेट.’ ‘कड करपलीय?’ ‘करपलीय. ये, तुला ठेवतो.’ ‘नको रे, गुरुजी रागावतील.’ उपासमारीने ताई गेली तेव्हा तिला उचलायला मी एकटा पुरेसा होतो. गुरुजींना पोलिसांनी भरल्या ताटावरून उठवून नेलं. आता आई आम्लेट मुद्दाम करपवते. मी कड ताटाच्या काठावर ठेवतो, खिडकीबाहेर विमान शोधतो. वळून बघतो तर कड तिथेच. ‘अजून थोडं बघ,’ आई म्हणते.