दत्तात्रयरावांचा कबुलीजबाब

“डबा तुम्ही स्वतः जावयाच्या हातात दिलात?” निहारिकानं विचारलं.

“त्यानं काय फरक पडतो?”

“पडतो, काका. गोळ्या नुसत्या कुटून ठेवल्या, तर ती तयारी. अन्नात कालवून डबा हातात दिला, तर तो खुनाचा प्रयत्न. माणूस मेला नाही तरी.”

“मग दिला. माझ्याच हातानं.”

निहारिका त्यांची वकील, मूळची पुण्याची. डब्लिनच्या तुरुंगातल्या त्या लहानशा खोलीत तिनं पेन खाली ठेवलं.

“कोणाला वाचवताय?”

दत्तात्रयरावांनी ते पेन उचलून पुन्हा तिच्यापुढं केलं.

नागपूरहून ते लेकीकडे, डब्लिनजवळच्या स्वोर्ड्सला राहायला आले होते. लेक स्वरूपा विमानतळावरच्या ऑफिसात, जावई सिद्धांत शहरात ग्रँड कॅनाल डॉकच्या एका कंपनीत. चारचौघांत सिद्धांत हसतमुख. घरात त्याची किल्ली दारात फिरली, की स्वरूपा बोलता बोलता थांबायची. तिचा पगार, तिचा फोन, सगळं त्याच्या ताब्यात. एकदा मनगट काळंनिळं दिसलं. “दार लागलं, बाबा,” ती म्हणाली. त्यांनी पुढं विचारलं नाही.

मग एका दुपारी पोलीस दारात आले. सिद्धांतनं ऑफिसात पहिला घास घेतला, कडू लागला म्हणून थुंकला. भातात पांढरी पूड होती.

“डबा कोणी भरला?” पोलिसांनी विचारलं.

स्वरूपा आजारी असल्याचं सांगून ऑफिसातून लवकर घरी परतली होती. ती भिंतीला टेकली. सकाळीच आपल्या झोपेच्या गोळ्यांचं पाकीट रिकामं दिसलं होतं, ते दत्तात्रयरावांना आठवलं. ते पोलीस आणि लेकीच्या मध्ये जाऊन उभे राहिले.

“मी भरला. गोळ्याही माझ्याच.”

“कोर्टात हे कबूल केलंत, तर पुन्हा नागपूर दिसेल की नाही सांगता येत नाही,” निहारिका आता म्हणाली.

“नाही दिसलं तरी चालेल. तुम्ही लिहून घ्या.”

दुसऱ्या दिवशी स्वरूपा भेटायला आली. गालांची हाडं वर आली होती. सिद्धांतचं घर सोडून ती मैत्रिणीकडे राहत होती. हे ऐकून दत्तात्रयरावांना कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेता आला.

“बरं केलंस. माझी काळजी करू नकोस,” ते हळू आवाजात म्हणाले. “माणूस हतबल झाला, की त्याच्या हातून असं होतं. मी तुला दोष देत नाही. पण मला शब्द दे. पुन्हा कोणाच्या जिवावर उठणार नाहीस.”

स्वरूपानं त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले.

“त्याला मारायचं माझ्या मनात कधीच आलं नाही, बाबा,” ती म्हणाली. “त्या दिवशी तो घाईत माझा डबा घेऊन गेला.”