लोकाचं पोर

"पोरं किती?" तृप्तीनं विचारलं.

"एक," दैवशाला म्हणाली आणि पुन्हा भिंत सारवू लागली.

एक कसं? दारात तिची मुलगी शालू उभी होती, धुतलेला गणवेश, तेल लावून घट्ट घातलेल्या वेण्या. आणि समोर उकिरड्याच्या कडेला दीड-दोन वर्षांचं पोरगं मातीत बसलं होतं. डोक्यावर जटा, गालाला काजळी, अंगात कुणा मोठ्या माणसाचा फाटका सदरा. "लेकराला उकिरड्यावर टाकतात," असा फोन आला म्हणून तर तृप्ती जालन्याच्या बाल संरक्षण कार्यालयातून जीप घेऊन धावड्याला आली होती. फोन करणारानं खोटं सांगितलं नव्हतं.

"मग हे कोणाचं?"

"ते आमचं न्हाई."

"तुमच्या दारात बसलंय."

"शेजारच्या नसरीनभाबीचं हाय ते. मी इकलं तिला. ओंजळभर ज्वारीला."

मुलगी फुलासारखी आणि मुलगा मातीत. तृप्तीनं आपल्या नोकरीत नेहमी ह्याच्या उलटं पाहिलं होतं. पोर सावत्र असणार, हा संशय तिला मघाशीच आला होता. पण विकलं? आणि बाई वांग्याचा भाव सांगावा तशी सांगते? इथं नक्कीच कुठंतरी पाणी मुरत होतं.

तेवढ्यात हात पुसत नसरीन आली. "सच है म्याडम. मेराच है वो." मग तृप्तीला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "शालूच्या पाठचे इचे दोन लेक गेले ना. पाळण्यातच. मंग हा झाला तं इनं पाचवीलाच मेरे झोली में टाकलं त्याला. इचं म्हनलं की वरचा नेतो. म्हनून तं कडूबा नाव, म्हनून ह्या चिंध्या. दुसऱ्याचं, घाणेरडं पोर कोण नेतंय?"

असल्या चाली तृप्तीनं ऐकल्या होत्या. पण दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. अशाच गोड गोष्टी सांगणाऱ्या घरांतून तिनं हाडाचा सापळा झालेली पोरं उचलून नेली होती. रीतीच्या पदराखाली लोक काय काय झाकतात, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"बरं," ती दैवशालाला म्हणाली, "ताई, एकदाच तुमच्या तोंडानं म्हणा, पोर माझं आहे. मी आल्या वाटेनं जाते. नाही म्हणालात, तर मला ह्याला जालन्याला बालकल्याण समितीपुढं न्यावं लागेल. विकलेलं पोर मला इथं सोडता येत नाही."

दैवशालाचे ओठ हलले. तिनं एकदा पोराकडं पाहिलं, एकदा वर आभाळाकडं. हो म्हणावं तर वरचा नेणार, नाही म्हणावं तर ही जीपवाली.

"न्हाई माझं," ती म्हणाली. "न्या."

तृप्तीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं तरातरा जाऊन पोराला उचललं, आणि ते चांगलंच जड लागलं. सदऱ्याखालचं अंग मऊ होतं, चोळून न्हाऊ घातलेलं, खोबरेलाचा वास येणारं. काजळी होती ती नुसती गालापुरती. परका हात लागताच कडूबानं भोकाड पसरलं.

दैवशाला जागची हलली नाही. डोळे तिनं गच्च मिटून घेतले. पोर रडत होतं आणि तिचं पोलकं छातीवर भिजत चाललं होतं. दोन्ही हात शेणात भरलेले. पदर ओढून झाकायलाही तिला जमलं नाही.

तृप्तीनं ते पाहिलं आणि तिचा राग कुठल्या कुठं गेला. पण पोर तिनं दैवशालाकडं दिलं नाही. ती सरळ नसरीनपुढं गेली.

"नसरीनभाबी, तुमचं पोर घ्या. दर महिन्याला अंगणवाडीत वजनाला आणायचं. तुम्ही आणायचं, दुसऱ्या कुणी नाही."

"जी, बराबर आणते," म्हणत नसरीननं त्याला कडेवर घेतलं आणि तशीच दैवशालाकडं गेली. "जरा धर गे इसकू. मेरी भाजी जल री चूल पे."

दैवशालानं हात लुगड्याला पुसले न पुसले, पोर ओढून घेतलं आणि पदराखाली लपवलं. रडणं थांबलं.

"लोकाची पोरं सांभाळून सांभाळून जीव चालला माझा!" ती करवादली. शेजारपाजारचे राहू द्या, वर कुणी कान लावून बसलं असेल तर त्यालाही ऐकू जावं, इतक्या मोठ्यानं.