पावडर घेण्याआधी

"हे घेतलंस तर किडनी जाईल," रणजित आईला म्हणाला.

सरोजिनीबाईंनी क्रिएटिनचा डबा टेबलावर ठेवला. डब्यावर दंड फुगवलेला एक तरुण होता. त्याला मान नव्हती.

"कुणाची जाईल?"

"कुणाची म्हणजे? घेणाऱ्याची."

"मग तू का घाबरतोस? घेणार मी आहे."

रणजितच्या बायकोने, तनुजाने, खिडकीबाहेर पाहिलं. खिडकीबाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं. कोथरूडातली समोरची इमारत होती.

डब्याला कारण जिना. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. लिफ्टचा विषय सोसायटीच्या सभेत दरवर्षी निघे आणि चहा आला की बुडे. साठी उलटली तशा सरोजिनीबाई दुसऱ्या मजल्यावर थांबू लागल्या. कुणी दिसलं की पर्समध्ये काहीतरी शोधत असल्यासारखं करायच्या.

दिवाळीत ते रणजितने पाहिलं आणि म्हणाला, "झेपत नसेल तर बालेवाडीला ये आमच्याकडे." तिथे लिफ्ट होती, पोहायचा तलाव होता आणि शेजारी कोण राहतं हे कुणालाही ठाऊक नव्हतं. नवरा गेल्यावरही जे घर सोडलं नाही, ते आता गुडघ्यांपायी सोडायचं? दुसऱ्याच दिवशी त्यांनी कोपऱ्यावरच्या जिममध्ये नाव घातलं.

"आजी, साठीनंतर स्नायू झडतात," तिथली ट्रेनर अपेक्षा म्हणाली होती.

"काकू म्हण, मग ऐकते."

"काकू, वजनं उचलताय ते उत्तम. जोडीला क्रिएटिन घेऊन बघा, त्या पावडरीने स्नायूंना बळ मिळतं. पण आधी रक्त तपासा, डॉक्टरांना विचारा."

डबा आला. आणि दिवाळीनंतर दर रविवारी रणजितही येऊ लागला. पूर्वी महिन्याकाठी यायचा, मोबाईलला भेटायचा आणि जायचा. आता समोर बसून प्रश्न विचारायचा. बीपी किती? साखर? गुडघ्यांसाठी रोज गोळ्या खातेस का?

आपला मुलगा आपल्याविरुद्ध पुरावे गोळा करतोय, हे सरोजिनीबाईंनी ओळखलं. त्या सगळ्याला "उत्तम" म्हणायच्या.

"तूच बघ आरशात. किती वाळलायस!"

"डाएट आहे."

"म्हणून चहा अर्धा कप? शहाळं आणलं, तेही नको. बालेवाडीत नारळ वर्ज्य आहे का?"

"आई, पुरे."

तनुजाने एकदा स्वयंपाकघरात काही कारण नसताना त्यांचा हात धरला. बराच वेळ सोडला नाही. सूनही सामील आहे, एवढा बोध सरोजिनीबाईंनी त्यातून घेतला.

तसं त्या घरात सरळ कुणी काही मागायचं नाही, अशीच पद्धत होती. भूक लागली तर "आज गॅस संपलाय वाटतं" म्हणायचं. माया वाटली तर टोमणा मारायचा. समोरच्याने काय ते समजून घ्यायचं. तीस-पस्तीस वर्षं हे सुरळीत चाललं होतं.

"माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत," शेवटी रणजित म्हणाला. "किडनीचे. ते हो म्हणाले तर घे."

"पावडर खायला किडनीचा डॉक्टर? आणि हो म्हणाले, तर पुन्हा बालेवाडीचं नाव काढायचं नाही."

"नाही काढणार."

इतक्या लवकर कबूल झाला म्हणून त्यांना जरा चुटपुटच लागली. आणखी काहीतरी मागायला हवं होतं.

तपासण्या झाल्या. रक्त, लघवी, सोनोग्राफी. हळदीची पुडी मागावी आणि वाण्याने अख्खं दुकान काढून दाखवावं, तशा. कुठेतरी खोट निघावी म्हणूनच चिरंजीवांचा हा खटाटोप, हे उघड होतं. सरोजिनीबाई ताठ मानेने सगळीकडे गेल्या. सोनोग्राफीला पडल्यापडल्याही त्यांनी पोट आत घेतलं.

रिपोर्ट आल्यावर दोघं डॉक्टरांकडे गेली. काउंटरवरची मुलगी रणजितला नावाने हाक मारून हसली. पुण्यात दवाखान्यातलं माणूस आपणहून हसतं, हे सरोजिनीबाई प्रथमच पाहत होत्या. इथेही यानं संधान बांधून ठेवलंय, त्यांच्या मनात आलं.

डॉक्टरांनी चष्मा वर केला. "मावशी, या वयात अशा किडन्या क्वचित बघायला मिळतात. दोन्ही ठणठणीत."

सरोजिनीबाईंनी मुलाकडे पाहिलं. तो डोळे मिटून बसला होता. हरल्यावर माणूस असाच बसतो.

"म्हणजे पावडर चालेल?"

"निरोगी माणसाला चालते. तुम्हाला सुरू करायची असेल तर रोज तीन ग्रॅम पुरे. पाणी नीट प्यायचं. दुप्पट घेतली म्हणून ताकद दुप्पट येत नाही, आणि व्यायाम सोडलात तर नुसत्या पावडरीचा फार उपयोग नाही. एक मात्र आहे, किडनीचं काम ज्यावरून मोजतात ते रक्तातलं क्रिएटिनिन तिच्यामुळे थोडं वाढलेलं दिसू शकतं. पुढे काही तपासण्या करायच्या असल्या तर घोटाळा होतो."

"पुढे कशाला तपासण्या? ठणठणीत आहेत ना?"

डॉक्टरांनी रणजितकडे पाहिलं. "तुम्ही दोघं बोलून घ्या," असं म्हणून ते स्वतःच्याच केबिनमधून बाहेर गेले.

"जिंकले की नाही?" सरोजिनीबाई म्हणाल्या. "उद्यापासून ताकातून घेणार. जिना एका दमात चढून दाखवीन. आता तरी सांग बाबा, एवढा कसला विरोध होता तुझा?"

रणजित बुटांकडे बघत राहिला. मग त्याने आयुष्यात पहिल्यांदाच आईकडे काहीतरी सरळ मागितलं.

"इतक्यात सुरू करू नकोस, आई. त्या दोन्हींतली एक मला लागणार आहे."